नव्वद दिवसांचे पाहुणे

खडकवासल्यात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक, पावसाळ्यात उलटणारी छत्री. आणि दुसरी, बाराही महिने येणारे पाहुणे. पुण्यात कुणाकडे नागपूरची, बेळगावची किंवा मुंबईची मंडळी उतरली, की तिसऱ्या दिवशी 'आता यांना दाखवायचे काय?' हा प्रश्न उभा राहतो. शनिवारवाडा पाहून झालेला असतो, पर्वती चढून झालेली असते. मग उरतो सिंहगड. आणि सिंहगडाची वाट जाते खडकवासल्यावरून! गडावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाऊन, उन्हाने लालबुंद झालेली ही मंडळी परतताना हटकून आमच्या दारात उभी राहत. "जाता जाता म्हटलं, डोकवावं जरा." हे जरा डोकावणे कधी चहावर भागे, तर कधी रात्रीच्या खिचडीपर्यंत लांबे. आईच्या स्वयंपाकघरात पोह्यांचा डबा रिकामा पडलेला मी कधी पाहिला नाही.

आमचे अण्णा खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नोकरीला होते. १९१६ साली मुंबई इलाख्याने लावलेले हे रोपटे. पुढे ते धरणाच्या पायथ्याशी येऊन रुजले आणि त्याचा वृक्ष झाला. देशात कुठे धरण, बंदर किंवा मोठा पूल बांधायचा म्हटले, की इथे आधी त्याची लहानशी प्रतिकृती उभी राहते. तिच्यात पाणी सोडायचे, आणि खरे पाणी उद्या काय करील ते आजच पाहून ठेवायचे, हा तिथला उद्योग. अण्णा काही हुद्द्याने मोठे नव्हते. साहेब मंडळी कागदावर हिशेब मांडीत आणि अण्णांसारखे लोक सिमेंट-वाळूत उकिडवे बसून नदीचे काठ घडवीत, पाण्याची उंची मोजीत, कागदाचे कपटे सोडून प्रवाह कुठे वळतो ते टिपून ठेवीत. "आज दिवसभर ब्रह्मपुत्रेत होतो," किंवा "उद्या मुंबई बंदरात भरती सोडायची आहे," असे ते पानावर बसल्या बसल्या सांगत. त्यामुळे ब्रह्मपुत्रा ही अण्णांच्या कचेरीच्या आवारातून वाहते, असा माझा तिसरीपर्यंत ठाम समज होता.

घरी आलेल्या पाहुण्याला अण्णा धरणावर नेल्याशिवाय सोडीत नसत. हे धरण १८७९ सालचे, इंग्रजांच्या काळात याच्या तळ्याला 'लेक फाइफ' म्हणत, पलीकडच्या तीरावर १९५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, ही सगळी माहिती ते भाजलेल्या कणसाच्या साक्षीने सांगत. सांगता सांगता गाडी १९६१ सालच्या पुरावर यायची. १२ जुलैला वरचे पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले आणि पुण्यात पाणी शिरले. पाहुणे डोळे विस्फारून ऐकू लागत आणि नेमकी त्याच वेळी आई उठून म्हणे, "चला, अंधार पडेल. दिवाबत्ती व्हायची आहे." घड्याळात पाच वाजलेले असले, तरी!

तर अशा या पाहुणचारात मुरलेल्या जोडप्याला स्वतः पाहुणे होण्याची पाळी आली, ती २०२४ साली. लग्नानंतर आमच्या 'ह्यां'च्या नोकरीच्या निमित्ताने आम्ही नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट गावी आलो, त्याला पंधरा वर्षे होत आली होती. दर वर्षी यायचे ठरे आणि दर वर्षी काहीतरी आडवे येई. कधी आईचे गुडघे, कधी नात्यातले लग्न, मध्येच करोनाची दोन वर्षे. अखेर आईने सत्तरी ओलांडली, अण्णा पंचाहत्तरीच्या पुढे गेले, आणि मी तिकिटेच काढून मोकळी झाले.

आईबापांना घरी बोलावणे ही आपल्याकडे दोन ओळींच्या पत्राची गोष्ट. इथे त्यासाठी मला नगरपालिकेत जावे लागले. यांच्या खाण्यापिण्याचा भार मी उचलीन, असे हमीपत्र अधिकाऱ्यासमोर सही करून द्यावे लागले. ज्यांनी मला एकवीस वर्षे पोसले त्यांना नव्वद दिवस पोसण्याची मी सरकारदरबारी हमी देत होते! वर तीस हजार युरोंचा विमा. मुक्काम एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवसांचा, एक दिवस जास्त नाही. "नव्वद म्हणजे नव्वद," अण्णांनी फोनवर हिशेब केला. "एकोणतीस एप्रिलला आलो, तर सत्तावीस जुलैला निघायला हवं." पाहुण्याने येण्याआधीच जाण्याची तारीख पक्की करावी, हे आमच्या घराण्यात प्रथमच घडत होते.

आल्या आल्या एक घोटाळा झाला. विमानतळावरून बाहेर पडताना अण्णांनी मोठ्या कौतुकाने आईला सांगितले, "आत्ता आपण समुद्राच्या पातळीच्या चार मीटर खाली उभे आहोत, बरं का! इथे पूर्वी सरोवर होतं. वाफेचे पंप लावून १८५२ साली कोरडं केलं." आई काही बोलली नाही. पण घरी पोचल्यावर तिने गच्चीतून मागे पाहिले. आमच्या घरामागे सखल कुरणे आहेत, आणि त्यांच्या कडेने स्खी नावाचा कालवा वाहतो. वाहतो तो कुरणांच्या वरच्या पातळीवर. गाई खाली चरत असतात आणि त्यांच्या डोक्यावरून नाव जाते. परदेशी पाहुण्यांना हे दृश्य दाखवले, की ते छायाचित्रे घेतात. आईने विचारले, "म्हणजे पाणी वर, आणि आपण खाली?"

त्या रात्री ती झोपली नाही. सकाळी पाहते, तर पासपोर्ट, विम्याचे कागद, परतीची तिकिटे, अण्णांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर ठेवलेले. खडकवासल्यालाही घराचे कागद नेहमी माळ्यावरच असत. हाताशी असावे म्हणून कधी मी एखादा कागद टेबलाच्या खणात ठेवला, तर तिसऱ्या दिवशी तो पुन्हा माळ्यावर चढलेला असे. ही आईची एक सवय, एवढेच आम्ही समजत होतो.

पहिले काही दिवस जुळवून घेण्यात गेले. दिवस मोठे होत होते. जूनमध्ये तर इथे रात्रीचे दहा वाजले तरी उजेड असतो. आईची सारी दिनचर्या तिन्हीसांजेच्या दिव्याशी बांधलेली, आणि तिन्हीसांज तर होता होत नव्हती. दोन-चार दिवस ती उंबऱ्यापाशी वाट पाहत बसली आणि मग तिने निर्णय दिला, की सूर्याचे काही खरे नाही, दिवा सातलाच लावायचा. नातवाला मराठी कळते, पण बोलताना तो मध्येच डचकडे घसरतो. आजी त्याच्याशी मराठीत भांडे आणि तो डचमध्ये उत्तर देई. दोघांचे उत्तम चालले होते.

भाजीचा प्रश्नही आईनेच सोडवला. हेगच्या बाजारात सुरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी लोकांची दुकाने आहेत. १८७३ साली 'लल्ला रूख' नावाच्या जहाजातून यांच्या पणज्या-खापरपणज्यांच्या पिढीचे लोक कलकत्त्याहून मजुरीसाठी सुरिनामला गेले. पुढे १९७५ च्या सुमारास, सुरिनाम स्वतंत्र होताना, त्यांच्यातले पुष्कळ इकडे आले. कारली, भेंडी, शेवग्याच्या शेंगा यांच्याकडे मिळतात. मी पंधरा वर्षे तिथे डचमध्ये भाव विचारत होते. आईने आपल्या पेठेतल्या हिंदीत सरळ विचारले, "ताजा है क्या, भय्या?" आणि पलीकडची म्हातारी भोजपुरी वळणाच्या बोलीत जे बोलू लागली, ते अर्धा तास थांबेना. निघताना आईच्या पिशवीत न मागता कढीपत्ता पडला होता.

आता पाहुण्यांना स्थळे दाखवायची, म्हणजे काय दाखवायचे? मी यादी केली होती. ट्युलिपची बाग झाली. तिथे अण्णा फुलांपेक्षा चरांतून पाणी कसे खेळवले आहे ते वाकून पाहत होते. किंडरडाइकच्या एकोणीस पवनचक्क्या झाल्या. त्या पीठ दळण्यासाठी नसून सखल जमिनीतले पाणी उपसण्यासाठी १७४० च्या सुमारास बांधल्या आहेत, हे तिथल्या वाटाड्याच्या आधी अण्णांनीच सांगितले. मोठमोठ्या चित्रकारांची दालनेही झाली. पण त्यांचे मन त्यात नव्हते. डेल्फ्टच्या निळ्या चिनी मातीच्या भांड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. त्यांना पाहायची होती ती आमच्या भागातल्या पाणीमंडळाची कचेरी!

हे पाणीमंडळ म्हणजे या देशातला एक नवलाचा प्रकार. बांध राखणे, कालव्यांची पातळी सांभाळणे, सखल जमिनीतले पाणी उपसणे, यासाठी इथे निवडून दिलेली वेगळी मंडळे असतात. त्यांचा कर प्रत्येक घराला भरावा लागतो. आमच्या डेल्फलंडच्या मंडळाचा इतिहास १२८९ सालापर्यंत मागे जातो. कराचे बिल आले, की आम्ही दोघे कपाळाला आठ्या घालतो. अण्णांनी ते बिल हातात घेऊन पोथीसारखे वाचले. "बाराशे एकोणनव्वद! म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगून व्हायच्या आदल्या वर्षी ही माणसं बांधाला माती घालायच्या पाळ्या ठरवत होती," ते म्हणाले. मग आम्हा उभयतांकडे वळून म्हणाले, "हा कर वेळेवर भरत जा हो, जावईबापू." जावईबापूंनी मान डोलावली.

रोज सकाळी अण्णा एकटेच फिरायला जात. स्टेशनच्या बाजूला जातो म्हणत आणि तासाभराने येत. एकदा दूध आणायला गेले असता मला ते दिसले. एका बाकावर बसून समोरच्या इमारतीकडे ते पाहत होते. ती इमारत म्हणजे १९५७ साली सुरू झालेली, देशोदेशींच्या अभियंत्यांना पाण्याचे शास्त्र शिकवणारी इथली संस्था. माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरची. मी कधी तिच्याकडे मान वळवून पाहिलेही नव्हते. घरी येऊन मी आईला सांगितले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांचं नाव लागलं होतं एकदा. एक्क्याऐंशी साली. डेल्फ्टला पाठवायचं म्हणून. आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली, तू दोन वर्षांची. नाही म्हणून कळवलं त्यांनी."

"मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"त्यात सांगायचं काय? तुम्ही डेल्फ्टला जाताय म्हटल्यावर मात्र त्यांनी पेढे वाटले होते. आठवतं?"

आठवत होते. जावयाला परदेशी नोकरी लागली म्हणून ते पेढे, असे आम्ही समजलो होतो. मुंबईपेक्षा लांब कधी न गेलेल्या या माणसाला डेल्फ्ट कुठे आहे हे एवढे नेमके कसे ठाऊक, असा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नव्हता.

त्या शनिवारी ह्यांनी गाडी काढली. "अण्णा, आज यादीतलं काही नाही. आज तुम्हाला एक रान दाखवतो," म्हणाले. दोन तासांच्या वाटेवर, १९४२ साली समुद्रातून कोरड्या काढलेल्या जमिनीवर, मार्कनेस गावाजवळ हे रान आहे. त्याचे नाव वॉटरलोपबॉस. झाडे दाट, वाटा ओल्या, पक्ष्यांचा आवाज. आई म्हणाली, "एवढ्या लांब झाडं बघायला आणलंत?" आणि पुढच्याच वळणावर अण्णा थांबले.

झाडांच्या गर्दीत काँक्रीटचे काठ होते. शेवाळलेले दरवाजे होते. एक उथळ, वळणावळणाची नदी होती. मोठ्या माणसाने ढांग टाकून ओलांडावी, एवढीच नदी. पलीकडे एक बंदर होते, त्याला गुडघाभर उंचीचा धक्का होता. अण्णा वाकले. काठावर गंजलेली एक सळई होती, तिच्यावर बोट ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "इथे गेज लावत होते." मग ते झपाझप चालू लागले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस इतका भरभर चालतो, हे मला ठाऊक नव्हते.

हे रान म्हणजे डेल्फ्टच्या जलप्रयोगशाळेचे उघड्यावरचे अंगण होते. १९५० च्या सुमारास ते उभे राहिले. पोल्डरची जमीन खाली आणि शेजारच्या कालव्याचे पाणी वर, म्हणून प्रतिकृतींना लागणारे पाणी पंपावाचून आपोआप येई. "आपल्यासारखंच! आपल्यालाही धरणाचं पाणी उतारानंच येतं," अण्णा म्हणाले. वाऱ्याने लाटा उठून मोजमाप बिघडू नये म्हणून भोवती झाडे लावली होती. रॉटरडॅमचे बंदर इथे घडले, आफ्रिकेतले लागोस इथे घडले. मग संगणक आले. जे पाण्यात पाहायचे ते आकड्यांत पाहता येऊ लागले आणि १९९५ च्या सुमारास हे अंगण बंद पडले. झाडे मात्र वाढत राहिली. बंदरांत बेडूक राहायला आले, नद्यांवर नेचे वाढले. २०१६ साली सरकारने हे सारे राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले आणि लोक ते पाहायला येऊ लागले.

मला वाटले, अण्णांना वाईट वाटेल. ज्या कामात छत्तीस वर्षे गेली, त्या कामाचे स्मारक झालेले पाहणे सोपे नसते. पण अण्णा नातवाला घेऊन लागोसच्या बंदरात उतरले होते. वहीचा कागद फाडून त्याचे कपटे करून त्यांनी पाण्यावर सोडले.

"बघ, कुठे जातात?"

"डावीकडे."

"सगळे?"

"नाही. एक तिथेच फिरतोय."

"फिरतोय ना? तिथे गाळ साचणार. तिथे बोट लावायची नाही. झालं, एवढंच आमचं काम होतं."

मग घड्याळ काढून त्यांनी त्याला काळाचे गणित सांगितले. प्रतिकृती शंभरपट लहान केली, की पाण्याचा काळही लहान होतो. पण शंभरपट नव्हे, तर शंभराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहापट. खऱ्या समुद्रात भरती-ओहोटीचा फेरा साडेबारा तासांचा असतो, तो इथे सव्वा तासात उरकतो. "म्हणजे एका दिवसात आपण खाडीचे दहा दिवस बघू शकतो," अण्णा म्हणाले. पोरगा हुशार. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग तुम्ही नव्वद दिवस इथे आहात, ते नऊशे दिवस धरायचे का?" अण्णा हसले. नऊशे दिवस म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे होतात, हेही त्यांनी हिशेब करून सांगितले. परतीच्या वाटेवर मात्र ते खिडकीबाहेर पाहत बसले होते आणि गाडीत कुणी फारसे बोलले नाही.

अण्णांचे झाले, आईला काय दाखवायचे, हे मला सुचत नव्हते. ते तिनेच सुचवले. पाणीमंडळाच्या कचेरीतून अण्णांनी आणलेल्या एका पत्रकावर घराच्या छपरावर बसलेल्या माणसांचे छायाचित्र होते. "हे कुठलं?" तिने विचारले. ते १९५३ सालचे होते. ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने समुद्र चढला, नैर्ऋत्येकडच्या झीलंड प्रांतातले बांध फुटले आणि या देशातली १८३६ माणसे बुडाली. आईचा जन्मही १९५३ चाच. "मला इथे जायचं आहे," ती म्हणाली. तीन महिन्यांत तिने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट.

आउवरकेर्क गावी या पुराचे संग्रहालय आहे. बांधाचे शेवटचे खिंडार बुजवायला आगबोटीएवढ्या मोठ्या काँक्रीटच्या पोकळ पेट्या पाण्यात बुडवल्या होत्या. नोव्हेंबर उजाडला तेव्हा कुठे ते खिंडार मिटले. त्या चार पेट्या आजही जागच्या जागी आहेत आणि त्यांच्या पोटातच हे संग्रहालय थाटले आहे. आत गारवा आहे आणि अंधूक उजेड. चिखलातून काढलेल्या बाहुल्या, चमचे, शाळेची दप्तरे मांडून ठेवली आहेत. बळींचा आकडा तिथे '१८३५ + १' असा लिहिला आहे. तो अधिक एक म्हणजे त्याच रात्री जन्मलेले आणि त्याच रात्री पाण्यात गेलेले एक मूल. आई त्या अधिकच्या चिन्हापाशी बराच वेळ उभी राहिली.

तिथे माहिती सांगायला ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या. त्या रात्री त्या लहान होत्या. घरच्यांनी त्यांना माळ्यावर चढवले आणि दोन रात्री त्यांनी तिथेच काढल्या. मी डचमधून मराठीत सांगत होते. सांगता सांगता माझ्या लक्षात आले, की आई माझ्याकडे पाहतच नाही, ती त्या बाईंकडे पाहते आहे. मग ती बोलू लागली आणि मी मराठीतून डचमध्ये सांगू लागले. जे मी सांगत होते, ते मीही प्रथमच ऐकत होते.

नारायण पेठेत तळमजल्यावर दोन खोल्या. आई आठ वर्षांची. सकाळी रस्त्यात ओरडा झाला, 'धरण फुटलं.' आजोबांनी तिघा पोरांना पुढे घातले आणि पर्वतीकडे धावत नेले. आजी दारातून परत फिरली. ट्रंकेतले कागद घ्यायचे राहिले म्हणून. ती मागाहून पोचली, पण हात रिकामे होते. पाणी दाराशी आले होते, ट्रंक उचलली नाही. पाणी ओसरल्यावर घरी गेले, तर खोलीत कमरेएवढा चिखल. आजोबांची सर्टिफिकिटे, आजीच्या आईची पत्रे, मेलेल्या धाकट्या मामाचा एकुलता एक फोटो, सगळ्याचा लगदा झाला होता. "आणि घरात एवढं पाणी येऊन गेलं, पण नळाला थेंब नाही. धरणच रिकामं झालेलं. किती दिवस विहिरीवर रांगेत उभी होते मी."

त्या बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग आईने त्यांना एकच प्रश्न विचारला. "तुमचे कागद वाचले का हो?"

मी तो भाषांतर करून सांगितला. बाईंनी मान हलवली. फोटोंचा आल्बम गेला होता. आईने त्यांचा हात हातात घेतला. दोघी तशाच बाकावर बसून राहिल्या आणि माझ्या दुभाषेपणाची गरज संपली. इतकी वर्षे पाहुण्यांपुढे पानशेतचा विषय निघाला, की आईला दिवाबत्ती का आठवे, ते मला तिथे कळले.

आणि मग, जायला दोन दिवस उरलेले असताना, २५ जुलैची सकाळ उजाडली. बॅगा दिवाणखान्यात उघड्या पडल्या होत्या. आईचा फोन वाजू लागला तो थांबेचना. पुण्यात रात्रभर पाऊस कोसळला होता, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडले होते आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या बाजूला सोसायट्यांतून पाणी शिरले होते. माझी धाकटी मावशी नदीकाठच्या एका इमारतीत तळमजल्यावर राहते. अण्णा विसर्गाचे आकडे पाहत होते. "पस्तीस हजार क्युसेकच्या घरात," ते पुटपुटले, आणि नातवाने विचारल्यावर सवयीने म्हणाले, "म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर." यावेळी कुणालाही ते आकडे आवडले नाहीत.

मावशीचा फोन लागेना. लागला तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती. आईचा आवाज मात्र मी कधी ऐकला नव्हता इतका शांत होता. "रडू नकोस. पाणी उतरेल. कागद घेतलेस ना बरोबर? सगळे? घराचे, बँकेचे? बाबांचा फोटो? मग झालं तर. बाकी सगळं परत मिळतं." फोन ठेवून तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "माझी बॅग भर लवकर. तिच्याकडे माणूस हवं."

मी म्हणणार होते, की इतक्यात जाऊ नका, डॉक्टरचा दाखला घेऊन मुदत वाढवून मागू, तिकडे सगळा चिखल असेल. पण ते बोलण्यात अर्थ नव्हता. गेले तीन महिने मी त्यांना कायमचे इथे ठेवून घेता येईल का, याचा मनातल्या मनात हिशेब करीत होते. कुठली खोली, कुठला डॉक्टर, कुठले कायदे. तो हिशेब त्या सकाळी मी बाजूला ठेवला. ज्या बाईचे माणूस तिकडे पाण्यात उभे आहे, तिला गच्चीतून कालवा दाखवून कसे थांबवायचे?

सत्तावीस तारखेला त्यांना विमानतळावर पोचवले. अण्णांनी जाताना नातवाला आपले जुने घड्याळ दिले. आईने मला चार डब्यांत काय काय आहे ते सांगितले आणि शेवटी, एवढ्यासाठीच थांबल्यासारखी, म्हणाली, "पावसाळ्यात सांभाळून राहा."

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ती मावशीकडे खराटा घेऊन गेली. अण्णांचा फोन हल्ली दर रविवारी येतो. पावसाळ्यात आधी धरणाची पातळी सांगतात, मग तब्येत. आम्हीही आता स्खीच्या पाण्याची पातळी सांगतो. पाणीमंडळाचे बिल वेळेवर भरले, हेही सांगतो, कारण ते विचारतातच.

ते गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात मी झोपण्याच्या खोलीतले कपाट झाडायला घेतले. माथ्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी होती. आई तिचे कागद विसरली की काय, म्हणून माझ्या पोटात गोळाच आला. खुर्चीवर चढून उघडून पाहिली. आत आमच्या घराचे करारपत्र होते, मुलाचा जन्मदाखला होता, आमच्या दोघांच्या पदव्या, आणि आमच्या लग्नातला तो एक फोटो, ज्यात अण्णा पेढ्याचे ताट घेऊन उभे आहेत. हे सगळे टेबलाच्या खालच्या खणात असायचे. पिशवीला दोन गाठी मारलेल्या होत्या. मी त्या पुन्हा तशाच मारल्या आणि पिशवी होती तिथे ठेवून दिली.